राष्ट्रीय आरोग्यव्यवस्थेतील संघटनात्मक संस्कृती आणि साधनसंपत्ती : ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा

सार्वजनिक आरोग्यसेवेच्या अपयशाची कारणे सांगताना सामान्यतः दोन भूमिका घेतल्या जातात. पहिली भूमिका निधी, मनुष्यबळ व साधने यांच्या अपुरेपणावर बोट ठेवते, तर दुसरी कर्मचाऱ्यांची वृत्ती व कार्यसंस्कृती यांना दोष देते. प्रस्तुत लेखात ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील ईली, ब्रिस्टल व स्टॅफर्ड या तीन रुग्णालयांच्या चौकशांच्या आधारे या दोन घटकांचा परस्परसंबंध स्पष्ट केला आहे. साधनांची टंचाई रुग्णापर्यंत संघटनेच्या संस्कृतीमार्फत पोहोचते आणि टंचाईची खरी माहिती वरपर्यंत जाते की नाही हेही संस्कृतीच ठरवते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

महत्त्वाच्या संज्ञा : राष्ट्रीय आरोग्य सेवा, संघटनात्मक संस्कृती, साधनसंपत्ती, लक्ष्याधारित व्यवस्थापन, रुग्णसुरक्षितता.

१. प्रस्तावना

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सार्वजनिक आरोग्याविषयी दोन महत्त्वाचे अहवाल तयार झाले. ब्रिटनमध्ये १९४२ साली विल्यम बेव्हरिज यांचा सामाजिक सुरक्षेविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला. भारतात १९४३ साली नेमलेल्या सर जोसेफ भोर समितीने १९४६ मध्ये आपला अहवाल सादर केला. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही वैद्यकीय सेवेपासून वंचित राहू नये, हे तत्त्व भोर समितीने मांडले. ब्रिटनमध्ये हे तत्त्व ५ जुलै १९४८ रोजी आरोग्यमंत्री अन्युरिन बेव्हन यांच्या कारकिर्दीत राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या रूपाने प्रत्यक्षात आले. करांतून उभा राहणारा निधी, उपचाराच्या वेळी रुग्णाकडून पैसे न घेणे आणि सर्व नागरिकांचा समान हक्क ही या सेवेची मूलतत्त्वे होत.

एवढी मोठी व्यवस्था केवळ कायद्याने चालत नाही. तिच्याकडे किती खाटा, किती परिचारिका व किती पैसा आहे हे जसे महत्त्वाचे, तसेच तिच्यातील माणसे एकमेकांशी कशी बोलतात, चूक दिसल्यावर काय करतात आणि वरिष्ठांना काय सांगण्याचे टाळतात हेही महत्त्वाचे असते. या दोन बाजूंचा एकत्रित विचार केल्याशिवाय सार्वजनिक आरोग्यसेवेचे यशापयश समजत नाही.

२. लेखाची उद्दिष्टे व पद्धती

संघटनात्मक संस्कृती व साधनसंपत्ती या संकल्पना स्पष्ट करणे, राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या इतिहासातील निवडक प्रसंगांतून त्यांचा परस्परसंबंध तपासणे आणि २०१३ नंतरच्या सुधारणांच्या मर्यादा दाखवणे, ही या लेखाची उद्दिष्टे आहेत. लेखाचे स्वरूप वर्णनात्मक व विश्लेषणात्मक असून अधिकृत चौकशी अहवालांतील निष्कर्ष हा त्याचा मुख्य आधार आहे. आरोग्याचा कारभार इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स व उत्तर आयर्लंड येथे आज स्वतंत्रपणे चालतो. ईली हे वेल्समधील रुग्णालय होते, तर ब्रिस्टल, स्टॅफर्ड आणि त्यानंतरच्या सुधारणांचे विवेचन प्रामुख्याने इंग्लंडपुरते मर्यादित आहे.

३. संकल्पनांचे स्पष्टीकरण

अमेरिकन अभ्यासक एडगर शाइन यांनी १९८५ मध्ये संघटनात्मक संस्कृतीचे तीन स्तर सांगितले. पहिला स्तर दृश्य गोष्टींचा असतो. इमारत, गणवेश, बैठकांची रीत, फलक यांचा त्यात समावेश होतो. दुसरा स्तर संघटना जाहीरपणे सांगत असलेल्या मूल्यांचा असतो. तिसरा व सर्वांत खोल स्तर कोणी बोलून न दाखवलेल्या गृहीतकांचा असतो. ‘रुग्णसेवा हेच ब्रीद’ असा फलक भिंतीवर असतो, तो दुसऱ्या स्तरावर. ‘वरिष्ठ डॉक्टरांच्या निर्णयाविषयी परिचारिकेने प्रश्न विचारायचा नसतो’ हे तिसऱ्या स्तरावर. प्रत्यक्ष व्यवहार बहुतेक वेळा या तिसऱ्या स्तरानुसार चालतो.

साधनसंपत्ती या संज्ञेत निधी, इमारती, यंत्रसामग्री, औषधे व मनुष्यबळ यांचा समावेश होतो. यात कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आणि त्यांच्या हाती असलेला वेळ यांचीही भर घालावी लागते. एका परिचारिकेकडे आठ रुग्ण असणे आणि सोळा रुग्ण असणे यांत वेतनपत्रकावर केवळ संख्येचा फरक दिसतो. रुग्णाच्या दृष्टीने मात्र हाक मारल्यावर कोणी येते की नाही, हा तो फरक असतो.

४. ऐतिहासिक पार्श्वभूमी

राष्ट्रीय आरोग्य सेवेने १९४८ साली इंग्लंड व वेल्समधील सुमारे २७०० रुग्णालये ताब्यात घेतली. त्यांत प्रतिष्ठित धर्मादाय रुग्णालये, नगरपालिकांची रुग्णालये आणि एकेकाळच्या दरिद्रालयांतून निर्माण झालेली रुग्णालये होती. मालकी एका रात्रीत एक झाली. कार्यसंस्कृती मात्र वेगवेगळ्याच राहिल्या. जुन्या इमारतींबरोबर त्यांतील उतरंडी, सवयी व प्रतिष्ठेच्या कल्पनाही नव्या व्यवस्थेत आल्या.

खर्चाचा प्रश्न आरंभापासूनच निर्माण झाला. कृत्रिम दात व चष्मे यांवर शुल्क आकारण्याच्या निर्णयाच्या निषेधार्थ बेव्हन यांनी १९५१ मध्ये मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. सेवा उधळपट्टी करते या आरोपाची तपासणी करण्यासाठी १९५३ मध्ये नेमलेल्या गिलबो समितीने १९५६ मध्ये उलट निष्कर्ष काढला. राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात सेवेवरील खर्च सुरुवातीच्या वर्षांत घटला होता आणि इमारतींवरील भांडवली खर्च अपुरा होता. रुग्णालयांच्या बांधणीचा व्यापक कार्यक्रम १९६२ साली, म्हणजे स्थापनेनंतर चौदा वर्षांनी जाहीर झाला. तोपर्यंत एकोणिसाव्या शतकातील इमारतींत विसाव्या शतकातील वैद्यक चालवण्याची सवय सर्वांना झाली होती.

या सवयीचा अर्थ कार्डिफ येथील ईली रुग्णालयाच्या प्रकरणात स्पष्ट झाला. बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्तींना येथे दीर्घकाळ ठेवले जाई. तेथील गैरवर्तणुकीविषयी १९६७ मध्ये एका साहाय्यक परिचारकाने एका वृत्तपत्राला माहिती दिली. जेफ्री हाऊ यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीचा अहवाल १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. गर्दी, अपुरे कर्मचारी व जुनाट पद्धती यांबरोबरच बाहेरच्या जगापासून तुटलेली बंदिस्त मनोवृत्तीही समितीला आढळली. यानंतर रुग्णालयांची पाहणी करणारी स्वतंत्र सल्लागार यंत्रणा स्थापन झाली. हा आकृतिबंध पुढील प्रकरणांतही दिसतो : टंचाई जुनी, ती पाहणाऱ्यांची संख्या मोठी, आणि बोलणारी व्यक्ती उतरंडीत खालच्या स्थानावरची.

१९८३ मध्ये सेन्सबरीज या किराणा दुकानांच्या साखळीचे रॉय ग्रिफिथ्स यांनी व्यवस्थापनाविषयी अहवाल दिला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल आज दिवा घेऊन या सेवेच्या दालनांतून फिरल्या, तर येथे जबाबदार कोण याचाच त्या शोध घेत राहतील, अशा आशयाचे त्यातील निरीक्षण प्रसिद्ध आहे. सर्वसंमतीने निर्णय घेणाऱ्या मंडळांच्या जागी सर्वसाधारण व्यवस्थापक आले. १९९१ पासून सेवा विकत घेणारे व पुरवणारे असा अंतर्गत बाजार सुरू झाला. जबाबदारी स्पष्ट व्हावी हा या बदलांचा हेतू होता. ती कोणापुढे व कशाच्या मोजमापाने, हा प्रश्न मात्र शिल्लक राहिला.

५. ब्रिस्टल : समान टंचाई, भिन्न परिणाम

ब्रिस्टल रॉयल इन्फर्मरी येथे १९८४ ते १९९५ या काळात लहान मुलांवर झालेल्या हृदयशस्त्रक्रियांची सार्वजनिक चौकशी इयन केनेडी यांच्या अध्यक्षतेखाली झाली. अहवाल जुलै २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९१ ते १९९५ या काळात एक वर्षाखालील सुमारे ३० ते ३५ बालके, अशा प्रकारच्या सर्वसाधारण केंद्रात अपेक्षित असलेल्या संख्येपेक्षा अधिक दगावली, असा निष्कर्ष समितीने नोंदवला.

साधनांची उणीव येथे निश्चित होती. शस्त्रक्रिया एका इमारतीत, तर बालहृदयरोगतज्ज्ञ दुसऱ्या रुग्णालयात अशी विभागणी होती. बालकांसाठी स्वतंत्र अतिदक्षता व्यवस्था नव्हती. प्रशिक्षित परिचारिका अपुऱ्या होत्या. तथापि समितीने एक महत्त्वाचा तर्क मांडला. ही टंचाई त्या काळातील संपूर्ण सेवेत सर्वत्र सारखीच होती, इतर केंद्रेही तिच्याशी झुंजत होती, म्हणून ब्रिस्टलमध्ये जे विशेष घडले त्याचे कारण केवळ टंचाईत शोधता येत नाही.

ते कारण समितीला कारभाराच्या रीतीत आढळले. सत्ता मोजक्या व्यक्तींच्या हाती होती. आतल्या वर्तुळात कोण व बाहेर कोण हे ठरलेले होते. या स्थितीस समितीने ‘क्लब संस्कृती’ असे नाव दिले. भूलतज्ज्ञ स्टीफन बोल्सिन यांनी आकडेवारी गोळा करून धोक्याची जाणीव करून दिली, परंतु वेळीच पुरेशी कृती झाली नाही. पुढे ते ऑस्ट्रेलियाला गेले. निकाल खराब असल्याचे स्पष्टीकरण ‘आपण अजून शिकत आहोत’, ‘आपल्याकडे अधिक गंभीर रुग्ण येतात’ अशा शब्दांत दिले जाई. टंचाईने येथे दुहेरी काम केले. तिने धोका वाढवला आणि त्या धोक्याकडे न पाहण्यासाठी सबबही पुरवली.

६. निधी व लक्ष्ये

२००० नंतर सेवेच्या निधीत मोठी वाढ झाली. जानेवारी २००० मध्ये पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी आरोग्यखर्च युरोपीय सरासरीपर्यंत नेण्याचे जाहीर केले. २००२ च्या डेरेक वॉनलेस यांच्या अहवालाने त्यास आर्थिक आधार दिला. वाढीव निधीच्या मोबदल्यात शासनाने मोजता येणारे परिणाम मागितले. तातडीच्या उपचार विभागात आलेल्या रुग्णाविषयी चार तासांच्या आत निर्णय होऊन त्याची पुढील व्यवस्था व्हावी, हे त्यांतील सर्वांत गाजलेले लक्ष्य होय.

या लक्ष्यांनी प्रतीक्षाकाळ खरोखरच कमी झाला, हे मान्य करणे आवश्यक आहे. परंतु ग्विन बेव्हन व क्रिस्टोफर हूड यांनी २००६ मधील अभ्यासात दाखवल्याप्रमाणे आकडे साधण्याच्या युक्त्याही निर्माण झाल्या. घड्याळ सुरू होऊ नये म्हणून रुग्णाला दाराबाहेर रुग्णवाहिकेतच थांबवून ठेवणे ही त्यांतील एक. मोजमाप हेही एक साधन आहे. निरोगी संस्कृतीत ते अडचण कुठे आहे हे दाखवते. भीतीच्या संस्कृतीत अडचण लपवण्याचे काम त्याच्याकडे येते.

७. स्टॅफर्ड : टंचाई निर्माण करणारी संस्कृती

ब्रिस्टलमध्ये टंचाई व्यवस्थेतून वारशाने आली होती. मिड स्टॅफर्डशायर ट्रस्टच्या स्टॅफर्ड रुग्णालयात ती मोठ्या प्रमाणात संघटनेच्या निर्णयातून निर्माण झाली. अधिक स्वायत्त अशा ‘फाउंडेशन ट्रस्ट’ दर्जासाठी आर्थिक ताळेबंद जुळणे आवश्यक होते. त्या दृष्टीने २००६-०७ मध्ये १ कोटी पौंडांची बचत करण्याचे ठरले आणि दीडशेहून अधिक पदे कमी करण्यात आली. फेब्रुवारी २००८ मध्ये हा दर्जा मिळाला. मार्च २००९ मध्ये आरोग्यसेवा आयोगाचा गंभीर ताशेरे ओढणारा अहवाल प्रसिद्ध झाला.

त्यातील निरीक्षणे बोलकी आहेत. तातडीच्या विभागात आलेल्या रुग्णांची प्राथमिक पाहणी वैद्यकीय प्रशिक्षण नसलेले स्वागतकक्षातील कर्मचारी करीत. हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवणारी यंत्रे काही वेळा बंद केली जात, कारण ती वापरण्याचे प्रशिक्षण परिचारिकांना मिळालेले नव्हते. यंत्र ताळेबंदात साधन म्हणून नोंदलेले होते, रुग्णाच्या दृष्टीने ते अस्तित्वातच नव्हते. चार तासांची मर्यादा ओलांडल्यास कारवाई होईल या भीतीने वेळेच्या खोट्या नोंदी केल्या जात असल्याची तक्रार एका परिचारिकेने केली होती.

रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या चौकशीचा अहवाल २०१० मध्ये आणि सार्वजनिक चौकशीचा अहवाल ६ फेब्रुवारी २०१३ रोजी प्रसिद्ध झाला. दुसऱ्या अहवालात २९० शिफारशी आहेत. अन्न, पाणी, स्वच्छता व प्रतिष्ठा यांपासून रुग्ण वंचित राहिले असताना नियामक व वरिष्ठ यंत्रणांना ट्रस्टचे आकडे समाधानकारक दिसत होते. वृत्तपत्रांत ४०० ते १२०० अतिरिक्त मृत्यूंचा उल्लेख वारंवार झाला. मात्र मृत्युदराच्या सांख्यिकीवरून असा नेमका आकडा काढणे सुरक्षित नाही, असे फ्रान्सिस यांनी स्पष्ट केले आहे. आकड्याविनाही नातेवाइकांच्या साक्षी पुरेशा होत्या. चौकशी व्हावी यासाठी संघटितपणे आग्रह धरणारेही हे नातेवाईकच होते.

पदकपातीचा परिणाम रुग्णसेवेवर काय होईल हा प्रश्न संचालक मंडळापुढे गांभीर्याने आला नाही, कारण मंडळ ज्या आकड्यांकडे पाहत होते त्यांत तो प्रश्न नव्हता. वॉर्डातील परिचारिकेला उत्तर ठाऊक होते. तिच्यापासून मंडळापर्यंत जाणारी वाट बंद होती.

८. सुधारणा व त्यांच्या मर्यादा

फ्रान्सिस अहवालानंतर अनेक बदल झाले. उपचारात गंभीर हानी झाल्यास रुग्णाला वा कुटुंबीयांना सत्य सांगण्याचे कायदेशीर बंधन नोव्हेंबर २०१४ पासून इंग्लंडमधील आरोग्य ट्रस्टवर आले. २०१५ मध्ये फ्रान्सिस यांनीच कर्मचाऱ्यांच्या निर्भय तक्रारीविषयी दुसरा अहवाल दिला. त्यानुसार प्रत्येक ट्रस्टमध्ये कर्मचाऱ्यांचे म्हणणे ऐकणारे ‘पालक’ नेमण्यात आले. २०२३-२४ या वर्षात त्यांच्याकडे ३० हजारांहून अधिक प्रकरणे आली. ही संख्या समस्या वाढल्याची खूण आहे की विश्वास वाढल्याची, हे केवळ संख्येवरून ठरत नाही. कर्मचाऱ्यांच्या वार्षिक सर्वेक्षणात मात्र आपली चिंता निर्भयपणे मांडता येते असे म्हणणाऱ्यांचे प्रमाण अलीकडच्या वर्षांत सुमारे ६० टक्के राहिले आहे.

मेरी डिक्सन-वुड्स व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातील एक भेद येथे उपयुक्त आहे. काही संघटना समस्या हुडकून काढतात, तर काही दिलासा शोधतात. पहिल्या प्रकारच्या संघटना तक्रार, अनौपचारिक भेट, वॉर्डातील फेरफटका अशा अनेक मार्गांनी वाईट बातमी मिळवतात. दुसऱ्या प्रकारच्या संघटना सर्व ठीक आहे असे सांगणाऱ्या अहवालांवर समाधान मानतात आणि तक्रार करणाऱ्यास कटकटी ठरवतात.

तथापि संस्कृतीवर दिलेला भर साधनांच्या प्रश्नाला बगल देण्यासाठीही वापरला जाऊ शकतो. गुणवत्तेविषयी मार्गदर्शन करणाऱ्या ‘नाइस’ या राष्ट्रीय संस्थेने जुलै २०१४ मध्ये प्रौढ रुग्णांच्या वॉर्डांतील परिचारिकांच्या संख्येविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. दिवसपाळीत एका नोंदणीकृत परिचारिकेकडे आठपेक्षा अधिक रुग्ण असल्यास हानीचा धोका वाढतो, असे त्यात नमूद होते. जून २०१५ मध्ये या विषयावरील संस्थेचे पुढील काम थांबवण्यात आले. वेल्सने मात्र २०१६ मध्ये आणि स्कॉटलंडने २०१९ मध्ये कर्मचारीसंख्येविषयी कायदे केले. ‘निर्भयपणे बोला’ असे सांगायचे आणि ज्याविषयी बोलले जाते ती संख्या वाढवायची नाही, या विसंगतीचा अर्थ कर्मचाऱ्यांना लगेच कळतो.

२०१० नंतर निधीतील वाढ मंदावली. इंग्लंडमधील प्रलंबित उपचारांची यादी २०१० मध्ये सुमारे २५ लाखांची होती, ती सप्टेंबर २०२३ मध्ये ७७ लाखांवर गेली. लॉर्ड दार्झी यांनी सप्टेंबर २०२४ च्या अहवालात सेवेची अवस्था गंभीर असल्याचे सांगितले. भांडवली खर्चात सुमारे ३७०० कोटी पौंडांची तूट साचल्याचा आणि कर्मचाऱ्यांची कामातील गुंतवणूक कमी झाल्याचा उल्लेख त्यात एकत्रच येतो. छत गळत असलेल्या इमारतीत काम करणाऱ्याला आपल्या कामाची किंमत काय आहे, हे इमारतच सांगत असते.

या संदर्भात भारतीय डॉक्टरांचा उल्लेख करणे क्रमप्राप्त आहे. महाराष्ट्रासह भारताच्या विविध भागांतून शिक्षण घेऊन गेलेल्या डॉक्टरांनी सेवेची मनुष्यबळाची गरज दशकानुदशके भागवली. वृद्धांचे वैद्यक, मानसोपचार, औद्योगिक वस्त्यांतील कुटुंबवैद्यक अशा ज्या शाखांकडे स्थानिक डॉक्टर कमी वळत, तेथे त्यांची संख्या लक्षणीय होती. भारतीय पदव्यांना असलेली थेट मान्यता १९७५ मध्ये संपली, तरी हा ओघ थांबला नाही. संख्येच्या हिशेबात हे डॉक्टर अनिवार्य होते. २०१५ च्या फ्रान्सिस अहवालाने मात्र तक्रार केल्यास अधिक असुरक्षित ठरणाऱ्या गटांत कृष्णवर्णीय व अन्य अल्पसंख्य वंशांच्या कर्मचाऱ्यांचा समावेश केला. ज्यांच्या श्रमावर सेवा अवलंबून आहे त्यांचाच आवाज दुबळा असेल, तर संघटना आपल्याकडील माहितीचा मोठा भाग गमावते.

९. निष्कर्ष

१. साधनांची टंचाई सर्वत्र सारखी असूनही परिणाम भिन्न होऊ शकतात. ब्रिस्टलचा अनुभव हे दर्शवतो.

२. संघटनेची संस्कृती स्वतःच टंचाई निर्माण करू शकते. स्टॅफर्ड येथील पदकपात हे त्याचे उदाहरण होय.

३. निधी व लक्ष्ये एकत्र आली तरी, प्रतिकूल आकडा सांगणाऱ्यास संरक्षण नसेल, तर मोजमापाची विश्वासार्हता नष्ट होते.

४. संस्कृती ही मनुष्यबळाचा पर्याय ठरू शकत नाही. पुरेसे कर्मचारी न देता केवळ मूल्यांची भाषा वापरल्यास त्या मूल्यांवरील विश्वासच कमी होतो.

५. वॉर्डातील अनुभव निर्णयकर्त्यांपर्यंत जसाच्या तसा पोहोचणे ही साधनसंपत्ती व संस्कृती यांना जोडणारी बाब आहे. अंदाजपत्रकाइतकीच तिची काळजी घेणे आवश्यक आहे.

१०. समारोप

मार्च २०२५ मध्ये ब्रिटिश शासनाने इंग्लंडमधील सेवेचे नियंत्रण करणारी ‘एनएचएस इंग्लंड’ ही संस्था विसर्जित करून तिचे काम आरोग्य मंत्रालयाकडे घेण्याचा निर्णय जाहीर केला. १९७४ पासूनच्या पुनर्रचनांच्या मालिकेतील ही आणखी एक पायरी आहे. रचना बदलल्याने निर्णयाचे टेबल बदलते. ईलीतील साहाय्यक परिचारक, ब्रिस्टलमधील भूलतज्ज्ञ आणि स्टॅफर्डमधील परिचारिका यांना जे ठाऊक होते, ते त्या टेबलापर्यंत वेळेत पोहोचेल का, यावर नव्या रचनेचे मूल्यमापन करावे लागेल. सर्वांसाठी सार्वजनिक आरोग्यसेवा हे भोर समितीचे स्वप्न बाळगणाऱ्या आपल्या देशालाही निधीच्या तरतुदीबरोबर याच कसोटीचा विचार करावा लागेल.